लिंबाजीचा शोध

माझ्या आईला सख्खा भाऊ न्हवता, तरी दर भाऊबीजेला आमच्या उंबऱ्याबाहेर पोलिसाचे बूट काढून ठेवलेले असायचे. ते बूट गुलाम नबी जमादाराचे. गल्लीत नवीन आलेल्या सुना ते बघून दचकायच्या, यांच्या घरात काय झालं म्हणून विचारायच्या. आईनं ओवाळलं की तो ताटात खण ठेवायचा, माझ्या हातावर खडीसाखर ठेवायचा, अन् मंग बापाकडं वळून म्हणायचा, "काय लिंबाजीराव, सापडले का?" माझ्या बापाचं नाव कडूबा. तरी जमादारमामा त्याला लिंबाजी का म्हणायचा, तेच सांगायला बसले आहे, तर मधे कुणी बोलू नका. ही गोष्ट मला आईनं, बापानं अन् मामानं, तिघांनीबी सांगितली, अन् तिघांची वेगवेगळी. मला जे पटलं ते मी ठेवलं.

निजामाच्या अमलात आमच्या पळसवाडीपासून कोसभरावर बाजाराचं गाव होतं, तिथं पोलिसाची चौकी. चौकी म्हणजे दोन खोल्या, पुढं पडवी, अन् पडवीसमोर भलामोठा लिंब. वरचे अंमलदार ते अमीनसाहेब, हैदराबादेकडून आलेले. अमीनसाहेब बदलत राहायचे, खालचा जमादार तोच. बेताच्या उंचीचा, पोट जरासं सुटलेला, मिशीला तूप लावणारा. मूळचा अंबडचा, त्यामुळं मराठी आमच्यासारखीच बोलायचा, फक्त चिडला की दखनीत शिरायचा. चोर पकडायची त्याला फार गोडी न्हवती. चोर सगळे ओळखीचेच असतात म्हणायचा, त्यात काय हुडकायचं. त्याला खरी हौस हरवलेल्या माणसांची.

त्या काळी मोठं माणूस वाटेतून बेपत्ता झालं अन् कुणी चौकीवर गेलं, तर पहिलं उत्तर ठरलेलं असायचं. अमीनसाहेब मान वर न करता म्हणायचे, "बालिग आदमी है. अपनी मर्जी से गया, अपनी मर्जी से आएगा." पोर हरवलं तर धावायचे, बैल हरवला तर त्याहून जास्त धावायचे. मोठ्या माणसाचं तसं न्हाई. रुसून गेला असेल, बायकोला कंटाळला असेल, येईल उद्या-परवा, थांबा. दुसऱ्याला थांब म्हणायला काय जातं हो? दाराकडं बघत बसायचं असतं ते घरच्या माणसाला.

जमादार मात्र आलेल्याला पडवीत बसवायचा, पाणी विचारायचा अन् म्हणायचा, "मोठा माणूस हरवत न्हाई. तो कुठंतरी बसलेला असतो. कुठं बसलाय तेवढं हुडकायचं." मंग त्याचे सवाल सुरू. निघताना जेवला का? कुणाशी भांडला का? पत्ते खेळतो, का भजनात रमतो, का दर्ग्यात जाऊन पडतो? भांडून गेलेला माणूस नातेवाइकाच्या घरी सापडतो अन् जेवून गेलेला वाटेत सापडतो, असं त्याचं गणित होतं. विचारून झालं की जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीवाल्यांना अन् कासारांना निरोप द्यायचा, पुढच्या चौक्यांना कळवायचा, अन् जमलं तर स्वतःच निघायचा. अमीनसाहेब म्हणायचे, हा पोलीस कमी अन् सोयरिकी जुळवणारा जास्त.

बायका तक्रार घेऊन आल्या की एक अडचण असायची. नवऱ्याचं नाव. बाई नवऱ्याचं नाव घेत न्हवती. आता हे समजावून सांगावं लागतं, कारण आताच्या पोरी नवऱ्याला नावानं हाक मारतात अन् वर त्यालाच चहा टाकायला लावतात. तेव्हा नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे पक्कं होतं. सोबत दीर-सासरा असला तर तो नाव सांगायचा, एकटी बाई असली तर खाणाखुणा. जमादाराला त्यात भारी मजा यायची. एकीनं कपाळावरची चंद्रकोर दाखवली, यानं चंद्रभान लिहिलं. एकीनं धनुष्य ओढल्यासारखं केलं, यानं रामभाऊ लिहिलं, अन् बराबर निघालं. अन् नाव ओळखलं तरी तो मोठ्यानं म्हणायचा न्हाई. बाई जे नाव जिभेवर येऊ देत न्हाई, ते आपण तिच्या तोंडावर कशाला घ्यायचं, असं त्याला वाटायचं. नुसतं "समजलं" म्हणायचा अन् लिहून घ्यायचा. या चांगुलपणानंच पुढं सगळा घोळ केला.

आता माझा बाप. अंगानं किरकोळ, बुटका, काळा, तोंडावर देवीचे वण, अन् कुणी "जरा हात लाव रे" म्हणलं की हातातलं टाकून निघणार. निघताना एकच शब्द, "आलोच." हे आलोच म्हणजे दिवेलागणीच्या आत का पुढच्या अमावस्येला, ते त्यालाबी ठाऊक नसायचं. विहिरीवर आंघोळीला म्हणून जायचा अन् कुणाचं तरी छप्पर शाकारून यायचा. आई चिडायची, बडबड करायची, अन् त्याची भाकरी झाकून ठेवायची.

त्या साली रामनवमीला तो जांबला गेला, समर्थांच्या जत्रेला. गावची चार माणसं सोबत होती. ती परत आली, हा आला न्हाई. जत्रेत होता, मंग दिसला न्हाई, एवढंच ती सांगत होती. आठवड्यानं एक कासार दारात आला. बांगड्या भरता भरता आईला म्हणाला, "तुमचा माणूस जालन्याच्या अलीकडं वाटेत भेटल्ता. कुणाची तरी गाडी हाकून राह्यला व्हता. म्हणला, घरी सांगा, आलोच." कुणाची गाडी, कुठं चालली, ते कासारानं विचारलं न्हाई अन् बापानं सांगितलं न्हाई. दोघंबी एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे.

घरात माझे थोरले चुलते मच्छिंद्र कारभारी होते, म्हणजे आईचे भासरे. आईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पदरात मूल न्हवतं. परक्याच्या गाडीत बसून जालन्याकडं गेलेला भाऊ म्हणजे संसाराला विटलेला भाऊ, असं चुलत्यांनी ठरवून टाकलं. म्हणाले, "चतुराबाई, आखाजीला माहेरी जायचंच हाय, तर या खेपंला बोचकं मोठं बांधा. तो आला तर त्याचं दुसरं आम्ही बघू." माहेरी आईची म्हातारी आई तेवढी होती. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली होती. तोवर नवरा दारात दिसला तर संसार, न्हाई तर बोचकं. चौकीवर कळवावं का म्हणलं, तर चुलते म्हणाले, दारात पोलीस आणला तर आजच गाडी जुंपतो.

म्हणून बाजाराच्या दिवशी आई डोक्यावर मिरच्यांची पाटी घेऊन निघाली, अन् चुलत्यांची नजर चुकवून एकटीच चौकीत शिरली. उभ्या जन्मात तिनं पोलीस जवळून बघितला न्हवता. अमीनसाहेबांनी बालिग अन् मर्जी एवढं म्हणून हात हलवला. तिला ते कळलं न्हाई, पण हात कळला. तरी ती गेली न्हाई. पाटी मांडीवर घेऊन पडवीत बसून राहिली. शेवटी जमादार आला अन् तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मुसलमानाच्या हातचं पाणी ती कशी पिणार? तांब्या तसाच राहिला. जमादारानं ते मनावर घेतलं न्हाई, समोर बसला अन् सवाल सुरू केले.

"भांडण झाल्तं का?"

"न्हाई."

"जेवून गेल्ता?"

"दोन भाकरी खाल्ल्या अन् दोन बांधून नेल्या."

"मंग भिऊ नको. वाटेत बसला असंल कुठं. दिसायला कसा हाय?"

यावर माझी आई जे बोलली ते आठवलं की अजून हसून माझं पोट दुखतं. ती म्हणाली, "उंच हायेत. रंगानं उजळ. चारचौघांत उठून दिसतेत." ती खोटं बोलत न्हवती. तिला तो तसाच दिसायचा.

"नाव?"

आईनं पदर आणखी पुढं ओढला. तिची एक मावशी होती, साळूबाई. साळूमावशीनं एकदा शेतात जेवायच्या वेळी चुकून नवऱ्याला नावानं हाक मारली, अन् त्याच सुगीत त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. वैदू झाले, मंत्र झाले, माणूस गेला. साळूमावशी मरेपर्यंत स्वतःच्या जिभेला शिव्या देत होती, अन् आईनं ते लहानपणापासून बघितलं होतं. नवरा आधीच कुठं आहे ठाऊक न्हाई, त्यात आपण त्याचं आयुष्य तोडायचं, हे तिला कसं व्हावं? तिनं समोरच्या लिंबाकडं बोट केलं, अन् पाला चावल्यासारखं तोंड कडू करूनबी दाखवलं. पण तोंडावर पदर होता. जमादारानं बोट बघितलं, पदराआडचं तोंड त्याला कुठून दिसणार?

"समजलं," तो म्हणाला, अन् त्यानं लिहून घेतलं. लिंबाजी, राहणार पळसवाडी, उंच, गोरा, देखणा. आईनं हात जोडून सांगितलं, घरी येऊ नका, भासऱ्यांना कळलं तर मला घालवून देतील. जमादार म्हणाला, "न्हाई येत. मला कुणाला विचारायची गरजच न्हाई." एवढी त्याला स्वतःच्या अकलेची खात्री.

बाप तेव्हा कुठं होता, तर टेंभुर्णीला. जत्रेत तिथल्या एका म्हाताऱ्याला ऊन लागलं. म्हातारा गाडीत आडवा, म्हातारी रडायला लागलेली, बैल हाकायला कुणी न्हाई. बाप म्हणाला, जालन्यापर्यंत सोडतो. जालन्याला म्हातारा उठला न्हाई, मंग टेंभुर्णीपर्यंत. टेंभुर्णीला गेल्यावर म्हातारा बरा होईपर्यंत. म्हातारा बरा झाला तर त्याचा गोठा पडायला आलेला. असं करत करत शेवटी एकदाचं त्याला घर आठवलं. म्हातारीकडून भाकरी बांधून घेतल्या अन् निघाला, तर बाजारात दवंडी चालली होती. पळसवाडीचा लिंबाजी, उंच, गोरा, जांबच्या जत्रेतून बेपत्ता, कुणाला दिसल्यास चौकीवर कळवावं. ही दवंडी जमादारानंच लावलेली, आईनं सांगितलेल्या कासाराच्या निरोपावरून.

आता आमच्या पळसवाडीत खरोखरच एक लिंबाजी होता. उंच, गोरा, देखणा. आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा. बापानं दवंडी ऐकली. आपल्या गल्लीतला माणूस, आपण गेलो त्याच जत्रेतून हरवला, अन् आपण एकट्यानं घरी जायचं? लिंबाजीच्या बायकोला काय तोंड दाखवायचं? घराकडं वळलेले पाय त्यानं मागं फिरवले अन् लिंबाजीला हुडकायला निघाला. मी मोठेपणी त्याला विचारलं, तेव्हा घरी निरोप का न्हाई धाडला? म्हणाला, "धाडला की. एका गाडीवाल्याला सांगितलं, घरी सांग आलोच."

तिकडं जमादार रजा टाकून त्याच मुलखात आला. ज्या गावात विचारावं तिथं एकच उत्तर. लिंबाजी? त्याला विचारत एक जण आत्ताच येऊन गेला. काळा, बुटका, तोंडावर वण. एका गावात त्यानं कुणाची बाज विणून दिली होती, दुसऱ्या गावात कुणाची म्हैस अडली म्हणून गोठ्यात बसला होता, अन् सगळीकडं लिंबाजीची चौकशी. जमादाराच्या पोलिसी डोक्यात किडा वळवळला. आपल्या आधी हा कोण लिंबाजीला हुडकून राह्यलाय? याचं काय अडलंय? वैरी असणार. न्हाई तर यानंच त्याचं बरंवाईट केलं असणार अन् आता भोळेपणाचं सोंग घेऊन फिरतोय. त्यानं तिकडच्या चौकीवर सांगून ठेवलं, असा माणूस दिसला की धरून बसवा, अन् बाईला विचारायला माघारी आला. वा रे पोलीस.

आखाजी तोंडावर आली होती. चुलत्यांनी गाडीच्या चाकांना वंगण घालून ठेवलं होतं. आई बाजाराच्या दिवशी पुन्हा चौकीत आली तेव्हा जमादारानं तिला लिंबाखाली बसवलं.

"बाई, तुझ्या घरधन्याचं कुणाशी वैर हाय का?"

"त्यांचं? कुणाशीच न्हाई."

"याद कर बराबर. एक माणूस त्याच्या मागावर हाय. बुटका, काळा, तोंडावर देवीचे वण. दिसायला येडा, पण मला पक्का वाटून राह्यला. लोकांची फुकट कामं करतो, गोड बोलतो, अन् निघताना म्हणतो आलोच. अन् येत न्हाई."

आईच्या हातातून पाटी सुटली. मिरच्या लिंबाखाली पसरल्या. "अवो जमादार," ती म्हणाली, "तेच हायेत ते."

"कोण?"

"आमच्या घरचे."

"तुझा नवरा लिंबाजी. हा लिंबाजीला हुडकतोय. बाई, डोकं ठिकाणावर हाय का?"

"लिंबाजी तर आमच्या गल्लीत राहतो. काल त्याच्या घरून ताक आणलं मी."

जमादारानं मान वर करून लिंबाकडं बघितलं. मंग हळूच म्हणाला, "त्या दिशी तू बोट कशाकडं केल्तं?" आई उठली, खालच्या फांदीचा मूठभर पाला तोडला अन् त्याच्यापुढं धरला. म्हणाली, "खाऊन बघा." जमादारानं खाल्ला. आतून अमीनसाहेब बघत होते, दोन शिपाई बघत होते, अन् जमादार पाला चावत उभा. "कडू," तो थुंकत म्हणाला. पदराआडून मान हलली. "कडू... कडूबा?" मान पुन्हा हलली, अन् आई रडायला लागली. मामा म्हणायचा, इतकी वर्षं पोलिसात काढली, पण फिर्यादीनं मला पाला चारला तो एकदाच.

तोंड धुऊन झाल्यावर त्यानं विचारलं, "अन् ते उंच? ते गोरा?"

"मंग? न्हाईत का?" आई म्हणाली.

मंग त्याच्या ध्यानात आलं की त्या गरिबाला धरून ठेवायला आपणच सांगून आलोय. त्यानं घरून बायकोला, रजियामामीला, बोलावून आणलं. परकी बाई सोबत न्यायची तर घरची बाई पाहिजे, लोकांची तोंडं कोण धरणार. गाडी जुंपली. आई घरी विचारायला गेलीच न्हाई. मिरच्या तिथंच सोडून गाडीत बसली. आता घालवलं तर घालवलं, असं तिनं मनात म्हणून टाकलं होतं.

तिकडच्या चौकीत बाप कोठडीत होता अन् पहाऱ्यावरच्या शिपायाला दोरी वळून देत होता. आईला बघितल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "तू कशाला आलीस? लिंबाजी सापडला का?"

यावर आई हसली का रडली, याची मला तीन उत्तरं मिळाली आहेत.

तिथले अमीनसाहेब दूरच्या मुलखातून नवे आलेले. त्यांना हसू आलं न्हाई. त्यांचं म्हणणं, लिंबाजी बेपत्ता आहे, हा त्याच गावचा म्हणवतो, हाच त्याला सगळीकडं विचारत फिरतो, मंग याला कसं सोडायचं? आई म्हणाली, हे माझे घरधनी. साहेबांनी विचारलं, नाव काय? आईनं जमादाराकडं बघितलं. "शौहर का नाम नहीं मालूम? फिर कैसी बीवी?" साहेब म्हणाले, उद्या याला तालुक्याला पाठवतो, तिथं काय ते होईल. तालुक्याला गेलेला माणूस कधी सुटेल याचा नेम न्हवता. इकडं आखाजी उद्यावर, अन् चाकांना वंगण घातलेलं.

आईनं पदर बाजूला केला. तिचे ओठ हलायला लागले. बापानं कोठडीतून ते बघितलं अन् हातातली दोरी टाकून उभा राहिला. "नको," म्हणाला, "घेऊ नकोस. मी ऱ्हातो हितं. मला काय, भाकरी भेटून राह्यली."

त्या वेळी जमादार पुढं झाला. म्हणाला, "साहब, लिखिए. नाम कडूबा, साकिन पळसवाडी. पहचाननेवाला, गुलाम नबी जमादार. जामीन भी वही. रिश्ता..." इथं तो जरासा अडखळला. "मेरा बहनोई है."

साहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा आईच्या कपाळावरच्या कुंकवाकडं. "ये तुम्हारी बहन? कब से?"

"अभी से, साहब."

मंग मात्र साहेबांना हसू आलं, अन् त्यांनी कुलूप काढायला सांगितलं.

आखाजीच्या दिवशी ते पळसवाडीत शिरले तेव्हा आमची गाडी आईचं बोचकं टाकून दारात जुंपून उभी होती अन् लिंबाजी त्याच्या ओट्यावर बसून दातात काडी घालत होता. बाप त्याच्यावर तापला. "तू हितं? अन् मी तुला कुठं कुठं हुडकून राह्यलो?" चुलत्यांनी बैल सोडले. त्या दिवाळीला आमच्या उंबऱ्याबाहेर पहिल्यांदा बूट दिसले. त्याच्या पुढच्या साली मी झाले, अन् माझं नाव द्वारका ठेवलं ते मामानं सुचवलं. त्याच्या ऐकण्यात तेवढंच एक नाव होतं ज्याच्या खुणेत चूक होणार न्हाई, असं तो म्हणायचा. दाराकडं बोट केलं की द्वारका.

पुढचं हसण्यासारखं न्हाई, पण तेबी सांगायला पाहिजे. अठ्ठेचाळीस साली भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत कोण कुठं गेलं हे विचारायचीसुद्धा माणसांना भीती वाटायची. जमादारमामा कामावर जालन्याला गेला होता, तो आला न्हाई. रजियामामीला आईनं आमच्या घरात आणून ठेवलं, अन् कुणी विचारलं तर माझी भावजय म्हणून सांगितलं, ते खोटं न्हवतं. पण मामाची तक्रार कुठं द्यायची? चौकीला टाळं होतं. हरवलेल्यांना हुडकणारा होता तोच हरवला होता.

आई म्हणाली, "मोठा माणूस हरवत न्हाई. कुठंतरी बसलेला असतो." तिनं मामीला विचारलं, भांडण झालं का? न्हाई. जेवून गेले? जेवून गेले. "मंग वाटेत सापडतील," आई म्हणाली. चाकांना वंगण या वेळीबी मच्छिंद्रकाकांनीच घातलं, न सांगता. आई-बाप गाडीवाल्यांना, कासारांना विचारत विचारत जालन्यापर्यंत गेले. तिथं कळलं की जुन्या पोलिसांतल्या काहींना एका शाळेच्या आवारात बसवून ठेवलंय. ज्याला ओळखीचं कुणी भेटलं त्याला सोडतात, बाकीच्यांना ट्रकमधून दूर नेतात.

ते शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा ट्रक भरत होता. अन् नेमकी बाजूला एका म्हातारीची गाडी चिखलात रुतलेली. बाप म्हणाला, "आलोच." देवाशप्पथ. त्या घडीलाबी गेला.

आई एकटी फाटकातून आत गेली. टेबलाशी परमुलखातला एक साहेब बसला होता, दमलेला. "किससे मिलना है?"

"गुलाम नबी जमादार. माझा भाऊ हाय."

साहेबानं वर बघितलं. "भाई?"

"व्हय. भाऊच."

"आपका नाम?"

"चतुराबाई."

"पति का नाम बोलो. जामीन उसके नाम से लिखना पड़ेगा."

आईनं मागं वळून बघितलं. बाप कुठं दिसेना. ट्रकचं फळकूट वर चढवत होते. आई सांगायची, साळूमावशी डोळ्यांपुढं उभी राहिली, पांढऱ्या कपाळाची. माझा बाप पुढं पिकल्या केसांचा होऊन, दात पडून गेला, नाव घेतल्यानं त्याचं काही झालं न्हाई. पण त्या दिवशी आईला हे कुठं ठाऊक होतं?

"कडूबा," आई म्हणाली.

साहेबाला ऐकू गेलं न्हाई. "जोर से बोलो."

मंग आईनं नाव घेतलं, सगळ्या आवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, अन् फाटकाबाहेर चाकाला खांदा दिलेल्या बापानं तिथून "ओ" दिली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन तो पळत आत आला. जन्मात एकदाच तो हाक ऐकून लगेच आला.

मामाला बाहेर आणलं. अंगावर वर्दी न्हवती, दाढी वाढलेली, मिशी खाली आलेली. गाडीत बसल्यावर तो आईला म्हणाला, "बहना, तुला नाव घेता येत व्हतं, तर मला पाला कशाला चारला?"

आई म्हणाली, "तवा हे हरवले व्हते, तर हुडकायला तुम्ही व्हते. तुम्ही हरवल्यावर मी कुणाकडं जाणार व्हते, दादा?"

मामा रडायला लागला. आईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं केला. तो प्यायला, अन् त्याच्या हातून तांब्या परत घेऊन उरलेलं पाणी आई प्यायली.